‘स्पर्श’ उघडत नसेल तर ब्राउझरमध्ये काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

प्रश्न पाटण तालुक्यातून आला आहे. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेलेली. घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्पर्शचं पान उघडायला गेलं की ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येतो. मोबाइलवर पान उघडतं, पण पेन्शन स्लिप डाउनलोड होत नाही. ओळखीतल्या एकानं सांगितलं की मिलिटरीच्या साइटला वेगळं सर्टिफिकेट टाकावं लागतं, त्यानं व्हॉट्सॲपवर फाइलही पाठवली, आणि ती टाकेपर्यंत अँटिव्हायरस बंद ठेवा म्हणाला. असं करावं का, आणि खरोखर कोणत्या सेटिंग्ज लागतात, असं मुलानं विचारलं आहे.

ती फाइल टाकू नका. अँटिव्हायरस बंद करू नका. साताऱ्यात माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची ऑनलाइन कामं मी बरीच वर्षं करतो आहे. अपशिंग्यासारख्या गावात तर घरटी कुणीतरी फौजेतला, त्यामुळे एका घरी दिलेला सल्ला आठवड्याभरात अख्ख्या आळीत पोहोचतो. चुकीचा सल्लाही तितक्याच वेगानं पोहोचतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

‘मिलिटरी साइटला सर्टिफिकेट लागतं’ ही गोष्ट येते कुठून ते आधी बघा. इंटरनेटवर किंवा यूट्यूबवर शोधलं की पहिल्यांदा अमेरिकेची माहिती समोर येते. तिकडच्या सैनिकांना चिप असलेलं ओळखपत्र मिळतं, त्याला कॉमन ॲक्सेस कार्ड म्हणतात. ते कार्ड रीडरमध्ये घालायचं, पिन टाकायचा, मग ‘डॉट मिल’नं संपणाऱ्या अंतर्गत कामाच्या साइट उघडतात. त्यांच्या संरक्षण खात्याची स्वतःची मूळ सर्टिफिकेटं आहेत, ती सगळ्या ब्राउझरमध्ये आधीपासून नसतात, म्हणून ‘इन्स्टॉलरूट’ नावाचा प्रोग्रॅम चालवून ती संगणकात भरावी लागतात. त्या लोकांसाठी हे सगळं बरोबर आहे. आपल्या हवालदारसाहेबांच्या पेन्शनशी त्याचा काहीही संबंध नाही.

‘स्पर्श’ ही संरक्षण लेखा विभागाची व्यवस्था, प्रयागराजच्या पीसीडीए (प्रिन्सिपल कंट्रोलर ऑफ डिफेन्स अकाउंट्स) पेन्शन्स कार्यालयाकडून चालणारी. ती साध्या, खुल्या इंटरनेटवर आहे. यूजर आयडी, पासवर्ड आणि नोंदवलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, एवढ्यावर ती उघडते. कार्ड नको, रीडर नको, बाहेरून आणलेलं सर्टिफिकेट तर मुळीच नको. आणि फौजेचं जे अंतर्गत नेटवर्क आहे ते इंटरनेटला जोडलेलंच नाही. कुठलीही सेटिंग बदलून ते घरच्या लॅपटॉपवर दिसणार नाही, तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मूळ सर्टिफिकेट टाकणं इतकं गंभीर का, तेही सांगतो. ब्राउझर एखाद्या साइटवर विश्वास ठेवतो तो कुणीतरी तिची हमी दिलेली असते म्हणून. हमी देणाऱ्या संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा विंडोजमध्ये असते. तुम्ही त्या यादीत एक नवं नाव घातलंत की ते नाव फक्त पेन्शनच्या साइटची हमी देत नाही; तुमच्या बँकेची, ईमेलची, कुठल्याही साइटची हमी देऊ शकतं. म्हणजे फाइल पाठवणाऱ्याच्या मनात आलं आणि तुमचं इंटरनेट त्याच्या हातून जात असलं, तर तो बँकेचं खोटं पान दाखवील आणि ब्राउझर एका शब्दानं तक्रार करणार नाही.

सरकारी साइटला सर्टिफिकेट टाकायचा जुना प्रघात आपल्याकडेही होता, त्यामुळे सांगणारा माणूस मुद्दाम फसवतोय असंच समजू नका. आपल्या देशात सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर ‘कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज’ हे सरकारी कार्यालय देखरेख करतं, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार. त्यांचं मूळ सर्टिफिकेट विंडोजला माहीत होतं, फायरफॉक्सला नव्हतं. म्हणून काही सरकारी साइट एका ब्राउझरमध्ये उघडायच्या आणि दुसऱ्यात इशारा द्यायच्या, आणि लोक फाइल टाकून मोकळे व्हायचे. मग जुलै २०१४ मध्ये प्रकार उघडकीस आला: एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गुगलच्या नावाची बनावट सर्टिफिकेटं निघाली होती. मायक्रोसॉफ्टनं त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला, आणि गुगलनं क्रोममध्ये भारतीय मूळ सर्टिफिकेटची हमी ठरावीक डोमेनपुरती बांधून टाकली. सरकारी यंत्रणेतून असं होऊ शकतं, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलचं काय सांगावं! आता स्पर्शसारख्या साइट सगळ्या ब्राउझरना आधीच ओळखीच्या असलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट वापरतात.

तर मग लॅपटॉपवर इशारा का येतो? जुन्या लॅपटॉपवर पहिला संशय तारखेवर घ्या. उजव्या कोपऱ्यात खालची तारीख बघा, दिवस-महिनाच नव्हे, सालही. प्रत्येक सर्टिफिकेटला ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत’ अशी मुदत असते, आणि ब्राउझर ती तुमच्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ काही वर्षं मागं गेलं असेल तर त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ नावाचा सेल असतो. तो संपला की लाइट गेल्यावर तारीख जुन्या सालावर जाते. लॅपटॉपमध्येही असा सेल किंवा त्याची सोय असते. पाटण, जावळीच्या खोऱ्यात पावसाळ्यात लाइट जातेच, त्यामुळे हा दोष मला फार वेळा दिसतो. इशाऱ्याच्या पानावर बारीक अक्षरात एक कोड असतो. त्यात ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असं असेल तर जवळजवळ नक्की घड्याळच. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, टाइम झोन भारताचा ठेवा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. तारीख रोज बिघडत असेल तर सेल बदलून घ्या, फार खर्चाचं काम नाही.

तारीख बरोबर असूनही इशारा येतो आणि कोडमध्ये ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ दिसतं, तेव्हा तीन शक्यता. एक, विंडोज आणि ब्राउझर इतका जुना की हमी देणाऱ्या संस्थांची त्याची यादीच शिळी झाली आहे. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे. तुमचा लॅपटॉप विंडोज ७ चा असेल तर सेटिंगमागून सेटिंग बदलण्यात अर्थ नाही. ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच सरकारी साइट चालते’ हेही डोक्यातून काढून टाका, मायक्रोसॉफ्टनं तो १५ जून २०२२ ला बंद केला. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. माझं मत विचाराल तर अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून घ्या. स्पर्शला फक्त नवा ब्राउझर लागतो, विंडोजच हवी असं नाही. ते जमत नसेल तर मोबाइलवर काम करा. अद्ययावत क्रोम असलेला साधा अँड्रॉइड फोन त्या जुन्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

दुसरी शक्यता अँटिव्हायरसची. काही अँटिव्हायरस सुरक्षित पानांच्या आत डोकावण्यासाठी साइटच्या सर्टिफिकेटऐवजी स्वतःचं पुढं करतात. तपासणं सोपं आहे: इशाऱ्याच्या पानावरूनच सर्टिफिकेट उघडून ‘इश्यूड बाय’ खाली कुणाचं नाव आहे ते वाचा. तिथं अँटिव्हायरस कंपनीचं नाव असेल तर त्यातली फक्त ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ ही एक सोय बंद करा किंवा तो प्रोग्रॅम अपडेट करा. पूर्ण अँटिव्हायरस बंद करण्याची गरज पडत नाही. तिसरी शक्यता वाय-फायची. लॉजवर, स्टँडवर, दवाखान्यात फुकटचं वाय-फाय आधी स्वतःचं लॉगिन पान पुढं करतं, आणि त्या गडबडीत इशारा येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीच साइट नीट उघडली तर दोष वाय-फायचा, लॅपटॉपचा नाही.

यातलं काहीच नसेल आणि दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरही तोच इशारा असेल, तर साइटच्याच सर्टिफिकेटची मुदत टळलेली असू शकते. तेव्हा थांबायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं. ‘ॲडव्हान्स्ड’वर दाबून ‘प्रोसीड’ करायचं नाही. ज्या पानावर तुम्ही पासवर्ड आणि बँक खात्याची माहिती देणार आहात, तिथं तो रस्ता कधीच धरू नका.

आता पत्ता. गुगलमध्ये ‘स्पर्श लॉगिन’ असं शोधून वरच्या पहिल्या दुव्यावर दाबायची सवय सोडा. पहिली जागा कधीकधी जाहिरातीची असते. खरा पत्ता ‘स्पर्श डॉट डिफेन्सपेन्शन डॉट जीओव्ही डॉट इन’ (sparsh.defencepension.gov.in) असा आहे. तो एकदा हातानं टाइप करून बुकमार्क करून ठेवा. पत्ता वाचताना सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत या आणि तिथून मागं वाचा. पोस्टाच्या पाकिटावर वर काहीही लिहिलं तरी पत्र शेवटच्या ओळीतल्या जिल्ह्यालाच जातं, तसंच इथं शेवटचे शब्द ठरवतात. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ हवं. मध्ये कुठंतरी ‘स्पर्श’, ‘डिफेन्स’, ‘पेन्शन’ असे शब्द आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑनलाइन’ असेल तर ते पान सरकारचं नाही. जुन्या लोकांना आम्हीच शिकवलं होतं की कुलपाचं चिन्ह बघा. क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूप काढून तिथं दोन आडव्या पट्ट्यांचं सेटिंगचं चिन्ह ठेवलं आहे. तसंही कुलपानं एवढंच कळायचं की मधल्या रस्त्यात कुणी डोकावू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय हे फक्त पत्ता सांगतो.

मोबाइलवर स्लिप का येत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा पॉप-अप असतं. स्लिप किंवा पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) पीडीएफ नव्या टॅबमध्ये उघडते आणि ब्राउझर ती जाहिरात समजून अडवतो. पत्त्याच्या डावीकडच्या त्याच चिन्हावर दाबा, ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जा, तिथं ‘पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स’ला ‘अलाउ’ करा. ही परवानगी फक्त या एका साइटपुरती द्या. मुख्य सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या साइटना दिली, तर उद्या लॉटरी लागल्याची पानं उघडू लागतील आणि वडील त्यावर दाबतील. मग तीन टिंबांच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’वर खूण करा, कारण काही मेनू लहान पडद्यावर पूर्ण दिसत नाहीत. दुवा फेसबुकमधून उघडला असेल तर तो त्याच ॲपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि तिथं डाउनलोड अडतं. क्रोम वेगळं उघडून पत्ता टाका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी आग्रहानं सांगतो: भाषांतर बंद करा. क्रोम इंग्रजी पान मराठीत करून देतो, वडिलांना ते बरं वाटतं, आणि नुसतं वाचायचं असेल तर खुशाल करा. पण फॉर्म भरताना भाषांतर चालू असेल तर ड्रॉपडाउनमधले पर्याय बदललेले दिसतात, बटणं दाबली जात नाहीत, आणि आडनावाचं भलतंच काहीतरी होऊन जातं. नावातली चूक सुधारायला गेलेला माणूस ते बघून आणखी चुकीचा अर्ज करून येतो. मेनूत ‘नेव्हर ट्रान्सलेट धिस साइट’ असा पर्याय आहे. मुलानं शेजारी बसून अर्थ सांगावा, हे त्याहून चांगलं.

लॉगिन होऊन लगेच बाहेर फेकलं जातं किंवा पान गोल गोल फिरत राहतं, तेव्हा त्या साइटपुरत्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पुसा. सगळा इतिहास पुसू नका, वडिलांच्या बाकीच्या कामांचे लॉगिनही जातात. आधी इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथं चालत असेल तर दोष कुकीजचा किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा. काम करताना ‘बॅक’चं बटण वापरू नका आणि एकाच खात्याचे दोन टॅब उघडू नका.

पान अजिबातच उघडत नाही, ‘टाइम्ड आउट’ म्हणतं, तेव्हा व्हीपीएन, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच ठिकाणी आहात असं दाखवणारी सोय, चालू आहे का बघा. काही सरकारी साइट परदेशातून आलेली मागणी अडवतात. मुलगा दुबईत किंवा अमेरिकेत बसून वडिलांचं खातं बघायला जातो तेव्हाही हेच होतं. फोनमध्ये जाहिराती अडवायला ‘प्रायव्हेट डीएनएस’ टाकलेला असेल तर तोही ‘ऑटोमॅटिक’वर आणा. आणि कोयनेच्या बाजूला रेंजच एका कांडीवर असेल तर सेटिंग शोधत बसू नका, उंब्रजला किंवा कराडला आल्यावर करा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते, तेव्हा पहाटे बसलेलं बरं.

दुसऱ्याच्या संगणकावर किंवा केंद्रात काम करताना गेस्ट विंडो किंवा इन्कॉग्निटोच मागा, ‘सेव्ह पासवर्ड’ला ‘नेव्हर’ म्हणा, आणि लॉग-आउट स्वतःच्या डोळ्यानं बघा. ओटीपी केंद्रचालकाला सांगायचा असेल तर समोर पडद्यावर कोणतं पान आहे ते वाचूनच सांगा. फोनवर कुणी ‘प्रयागराजहून बोलतोय’ म्हणून ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तरीही नाही.

वार्षिक ओळख पडताळणीसाठीच, म्हणजे हयातीच्या दाखल्यासाठीच, ही खटपट चालली असेल तर ब्राउझरची गरजही नाही. ‘जीवन प्रमाण’ आणि आधारचं फेस आरडी ही दोन ॲप अधिकृत प्ले स्टोअरवरून घ्या, चेहऱ्यावरून काम होतं, बोटांचे ठसे पुसट झालेल्या शेतकरी माणसांना हे फार सोयीचं. तिथं दोन रकाने चुकतात. मंजुरी देणारं कार्यालय ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि पेन्शन देणारं ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ असं निवडायचं. शहराचं नाव प्रयागराज झालं तरी यादीत अलाहाबादच शोधा. पूर्वीची बँक निवडली तर दाखला स्पर्शपर्यंत पोहोचत नाही.

सर्टिफिकेट खरोखर लागतं अशी एक जागा आहे, आणि ती पेन्शनरांची नाही. एमईएसची (फौजेच्या बांधकाम विभागाची) कामं किंवा फौजेला पुरवठा करणारे सांगली-मिरजेकडचे ठेकेदार संरक्षण खात्याच्या ई-खरेदी पोर्टलवर निविदा भरतात, तेव्हा क्लास ३ डीएससीचं (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं) यूएसबी टोकन लागतं. जुनं क्लास २ जानेवारी २०२१ पासून नव्यानं मिळणं बंद झालं आहे. टोकनचा ड्रायव्हर टोकन बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्यायचा, टोकन लावल्यावर क्रोम आणि एज ते विंडोजमधून आपोआप ओळखतात. सही करणारा छोटा प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. नवा क्रोम ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी विचारतो तेव्हा या पोर्टलला ती द्यावी लागते, नाकारली तर सहीची खिडकीच येत नाही. पिन चुकवत राहू नका, टोकन कुलूपबंद होतं. निविदेच्या शेवटच्या दिवशी हे पहिल्यांदा करून बघू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी लॅपटॉपची तारीख आणि विंडोज कोणती ते बघा, मग मोबाइलवर पॉप-अपची परवानगी देऊन स्लिप काढा. व्हॉट्सॲपवर आलेली ती फाइल चुकून टाकली गेली असेल तर विंडोजमध्ये ‘मॅनेज यूजर सर्टिफिकेट्स’ उघडा, ‘ट्रस्टेड रूट’च्या यादीत त्या फाइलमधल्या सर्टिफिकेटच्या नावाची नोंद शोधा आणि तेवढीच काढा, बाकीच्या नोंदींना हात लावू नका. ते नाव कळत नसेल तर लॅपटॉप जाणकाराकडे न्या आणि तोवर त्यावर बँकेचं काम करू नका. एवढं करूनही अडलं तर सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवा) केंद्रात किंवा साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जाताना पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक आणि ओटीपी येणारा तोच मोबाइल चार्ज करून बरोबर न्या, आणि इशाऱ्याच्या पानाचा फोटो काढून ठेवा: वरचा पूर्ण पत्ता, बारीक अक्षरातला कोड आणि कोपऱ्यातली तारीख, तिन्ही स्पष्ट दिसतील असा.